साल आईची, गर लेकराचा

आमच्या सुनेबरोबर बाजारात जायची मला लाज वाटायची. खोटं कशाला बोलू! बाकीच्या बायका भाजी डोळ्यांनी निवडतात, फार तर नाकानं. ही बोटांनी निवडायची. वाटाण्याची शेंग उचलायची, फोडायची, आतला दाणा चिमटीत धरून हळूच दाबायची आणि मान कलती करून विचारात पडायची. भाजीवाला एकदा वैतागून म्हणाला, "बाई, घ्यायचे तर घ्या. नाडी काय बघताय त्यांची?" मी पिशवी उचलून पुढे सटकले, जशी काही ही माझ्याबरोबर नव्हतीच.

पण तिचा इलाज नव्हता. तिचं पोटच त्या दाबण्यावर होतं. वस्तीच्या टोकाला बियाणं संशोधन केंद्र आहे, तिथल्या प्रयोगशाळेत ती मदतनीस. काचेच्या घरांत वाटाण्याचे वेल लावलेले. फूल कधी उमललं त्याची चिठ्ठी देठाला बांधायची, दाणा कोवळा असतानाच शेंग तोडायची आणि एकेक दाणा यंत्राखाली ठेवायचा. वरून सपाट टोकाची सळई खाली येते, दाणा चेपते, आणि चेपायला किती जोर लागला त्याचा आकडा पडद्यावर दिसतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. लग्न होऊन आली तेव्हा मी विचारलं होतं, "अगं, दाणे दाबायचा पगार देतात होय?" तर म्हणाली, "आई, तुम्हाला बटणं लावायचे पैसे देतात ना? तसाच." मी शिवणकाम करते. अशी फाडकन उत्तर देणारी सून मला तेव्हा आवडली होती. तेव्हा.

आमचे हे गवंडी. उभा जन्म लोकांची घरं बांधण्यात गेला. आम्ही राहतो ते घर मात्र भाड्याचं, आणि त्याच्या भिंतींना हे रोज नावं ठेवायचे. ह्यांना सुनेचं काम लगेच कळलं. एकदा जेवताना ह्यांनी तिला विचारलं, दाणा जून झाला की टणक का होतो गं? ती खुलली. म्हणाली, बाबा, झाडाचं सगळं अंग म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या खोल्या. त्यांना पेशी म्हणतात. प्रत्येक खोलीला तिची भिंत. दोन खोल्यांच्या भिंतींमध्ये एक चिकट पदार्थ असतो, फळांचा जॅम ज्यानं घट्ट होतो ना, तोच. दाणा वाढतो तशा भिंती जाड होतात, त्या चिकट पदार्थात पाण्यातून आलेलं कॅल्शियम बसतं आणि खोल्या एकमेकींना सोडायला तयार होत नाहीत. कुठल्या जातीच्या भिंतीत काय किती आहे, त्यावर दाणा लोण्यासारखा होणार की खड्यासारखा ते ठरतं.

हे घास हातात धरून ऐकत होते. "म्हणजे विटा त्याच, माल वेगळा!" म्हणाले. "मी काय सांगत आलो सगळ्यांना? भिंत विटांवर उभी नसते, मधल्या मालावर असते." आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी इतकी वर्षं उलटं म्हणत होते. त्या दिवसापासून ते तिला साहेब म्हणायला लागले. "काय साहेब, आज किती भिंती पाडल्या?" ती हात धुऊन टेबलाशी आली की सासऱ्या-सुनेचं भिंतीपुराण सुरू. मी आणि मुलगा आपले मुकाट जेवायचो. मुलगा गॅरेजात मेकॅनिक. त्याला भिंतींत रस नाही आणि बोलण्यातही नाही.

मग ह्यांचा घसा धरला. आधी आवाज बसला, मग गाठ निघाली, मग ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण गिळणं गेलं. श्वासाच्या नळीवरचं झाकण आता नीट मिटत नाही, असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. पाण्यासारखं पातळ द्यायचं नाही, कणीदार द्यायचं नाही. सगळं घुसळून, गाळून, मलमासारखं करून द्यायचं. हॉस्पिटलात गिळण्याचे व्यायाम शिकवणारी एक बाई होती. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "घास चुकीच्या वाटेनं गेला तर थेट फुप्फुसात जाईल. आणि वजन असंच उतरत राहिलं तर पोटात नळी घालावी लागेल. मग तोंडानं जेवण संपलं असं समजा."

जो माणूस परांचीवर पाय खाली सोडून डबा खायचा आणि शेजारच्याच्या डब्यातलंही उचलायचा, त्याला आता तिन्ही वेळा लगदा. ह्यांनी टेबलाशी यायचं सोडलं. खोकला यायचा, गिळलेलं नाकातून यायचं, डोळे भरायचे. कुणी बघू नये म्हणून आतल्या खोलीत दार लोटून बसायचे. वाटी निम्मी परत यायची. मी चिडायचे, रडायचे, शेवटी हात जोडायचे. त्या फाटक्या आवाजात एकच म्हणायचे, "मला जिभेला काहीतरी लागू दे. आणि मला तुमच्यात बसू दे." शर्टाच्या कॉलरी मीच आत घेतल्या, आणि थोड्या दिवसांनी परत घेतल्या. वजनकाटा रोज थोडा खालीच. नळी आता घालतील, मग घालतील, दुसरा विचारच नसायचा डोक्यात.

त्याच सुमाराला केंद्रात लांबून एक वाटाण्याची जात आणली होती. तिच्या दाण्यात तो चिकट पदार्थ अगदी नावाला. शिजवून जिभेनं टाळूवर दाबला तरी दाणा विरघळावा. पण वेल रोगट, शेंगा धरेनात. म्हणून तिचे पराग आमच्याकडच्या एका दणकट जातीच्या फुलांवर घातले. त्या शेंगांतले पहिले दाणे यंत्राखाली गेले आणि आकडा इतका खाली आला की सुनेनं यंत्र बिघडलं समजून पुसून पुन्हा लावलं. आकडा तोच.

त्या संध्याकाळी ती हात न धुताच आत आली. "आई, उकडलेल्या बटाट्यापेक्षा मऊ! आणि अख्खा दाणा! बाबा टेबलाशी बसून खातील!" चाचणीतून उरलेल्या शेंगा तिथे फेकूनच देतात. तिनं वरच्या बाईंना विचारून त्या घरी आणल्या. शिजवल्या. एक दाणा माझ्यासमोर चिमटीत धरला, त्याचं क्षणात लोणी झालं.

मी म्हटलं, "साल काढून देऊ या का?"

ती हसली. "आई, आकडा सालीसकटचा आहे. यंत्र काही सोलून दाबत नाही."

हेही आतून म्हणाले, "सोलू नका. सोललेलं म्हणजे परत आजाऱ्याचं खाणं. मला अख्खा हवा."

"त्या व्यायामवाल्या बाईंना विचारलंस?"

"पुढच्या तपासणीला विचारूच ना आई. तोवर थोडे थोडे."

ह्यांनी केस विंचरले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि किती दिवसांनी आपल्या खुर्चीवर येऊन बसले. एक दाणा तोंडात घेतला. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. जबडा हलला, कंठ वर गेला, खाली आला. खोकला नाही. हे टेबलावर थाप मारून म्हणाले, "साहेब, भिंत पडली!" मला रडू आवरेना. मुलगा, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, "बाबा, अजून एक घ्या."

मग रोजच बसायला लागले. आधी लगद्याची वाटी आत संपवायची, आणि वर आमच्यात बसून मूठभर दाणे. त्या मुठीनं वजन काय वाढणार! पण वाटी रिकामी परत यायला लागली. काटा घसरायचा थांबला. मी देवाचे नाही, सुनेचे आभार मानले, आणि शेजारणीला बोलूनही दाखवलं. आता वाटतं, जीभ आवरली असती तर बरं झालं असतं.

तो रविवार होता, मुलगा घरी होता म्हणून बरं. ह्यांना धीर आला होता. एकेक दाणा घ्यायचा सोडून त्यांनी चमचा भरून घेतला. गॅरेजातल्या कुणाच्या तरी फजितीचा किस्सा मुलानं सांगायला घेतला होता. हे हसले नाहीत, म्हणून मी वर बघितलं. तोंड उघडं, आवाज नाही, हात गळ्याशी, चेहरा काळानिळा. मुलानं मागून मिठी मारून त्यांना उचललं, हिसके दिले. थोडंसं बाहेर आलं, श्वासाची शिट्टी वाजली, पण सगळं आलं नाही. ॲम्ब्युलन्समध्ये मी त्यांचे पाय धरून बसले होते. सून समोर बसली होती आणि तिची बोटं चिमटीत धरल्यासारखी एकमेकांवर घट्ट दाबलेली होती.

घशातून काय निघालं ते डॉक्टरांनी दाखवलं. साली. नुसत्या रिकाम्या साली, एकीवर एक चिकटलेल्या, ओल्या कागदासारख्या. काही आधीच खाली फुप्फुसात उतरल्या होत्या. ताप चढला, न्युमोनिया झाला, आणि ज्या नळीला आम्ही इतके दिवस टाळत होतो ती नळी पोटात गेली. गिळायची जी थोडी ताकद होती तीही या आजारात संपली. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, आता तोंडानं काही नाही. पाण्याचा घोटही नाही.

मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, चार लोकांदेखत सुनेला म्हटलं, "माझ्या नवऱ्यावर प्रयोग केलास तू. दाण्यांवर भागलं नाही तुझं?" ती उभी होती तशी खाली बाकावर बसली. मुलगा म्हणाला, "आई, पुरे." मी म्हटलं, "पुरे कसं? सासऱ्याचं तोंड कायमचं बंद केलंय हिनं, आणि मला म्हणतोस पुरे?" जे मनात होतं ते बोलले. मला मागे घ्यायचं नाही आणि घेणारही नाही.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली आणि संध्याकाळी परत हॉस्पिटलात आली. मी ह्यांच्या खोलीबाहेर बसले होते. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, कसं झालं ते मला तुम्हाला सांगायचंय."

तिनं सांगितलं.

"दाण्याचा गर म्हणजे नवा जीव. त्यात आई-बाप दोघांचं येतं. पण साल त्या जिवाची नसतेच, आई. साल म्हणजे आईच्या वेलाचाच तुकडा, तिनं लेकराला गुंडाळलेला. आपल्या शेंगांची आई दणकट जातीची होती. गर बापाच्या वळणावर गेला, मऊ झाला. साल आईचीच राहिली. पहिल्या शेंगा फार कोवळ्या होत्या, तेव्हा सालही पातळ होती, म्हणून काही झालं नाही. नंतरच्या शेंगा जरा जून होत्या. तेवढ्यात सालीच्या भिंती जाड झाल्या, चिवट झाल्या. गर मात्र तसाच. सळई खाली आली की गर एका टोकानं निसटून चेपतो, साल तुटतच नाही, तिची रिकामी पिशवी उरते. यंत्र फक्त चेपलेलं मोजतं. आज मी साल वेगळी काढून ताणून बघितली. तुटत नव्हती."

मला कळलं. शिवणाऱ्या बाईला न कळायला काय झालं! कापड बदललं, अस्तर जुनंच राहिलं. मी विचारलं, "साल आईची असते, हे तुला आज कळलं?"

"नाही." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. संकर केला की पहिल्या दाण्यांची साल आईचीच धरायची, सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण तो आकडा बघितला आणि मला फक्त बाबा खुर्चीवर बसलेले दिसले."

तिनं ठाऊक नव्हतं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. न जाणत्याला माफ करता येतं. जाणत्यानं डोळे मिटले तर त्याला काय करायचं? मी तोंड फिरवून बसले आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं सोडलं.

हे घरी आले. पोटावर पट्टीनं चिकटवलेली नळी, तिच्यातून मोठ्या पिचकारीनं पांढरं औषधी दूध सोडायचं, हळूहळू, वर धरून. ते नर्सकडून सुनेनं शिकून घेतलं. तिनं ह्यांच्या अंगाला हात लावू नये असं मला वाटायचं, पण ती पिचकारी हातात घ्यायचा मला धीर व्हायचा नाही, आणि मुलाचे हात जड. नाइलाज. ती कामाला जायच्या आधी आणि आल्यावर दूध द्यायची. मी पलंगाच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, मध्ये हे. हे दोघींकडे आळीपाळीनं बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

आणि जेवण? जेवण आमच्या घरातून चोरासारखं परागंदा झालं. त्यांना वास येऊ नये म्हणून मी तळण बंद केलं, भाजणं बंद केलं. ओट्याशी उभी राहून, दार लावून, दोन घास कसेबसे ढकलायचे. मुलगा गॅरेजातच खाऊन यायचा. टेबलावर मी शिवायचे कपडे रचून ठेवले. सून कुठे जेवते, काय जेवते, मी विचारलं नाही. केंद्रात तिनं यंत्रावरचं काम सोडून काचेची भांडी धुवायचं काम मागून घेतलं, एवढं मुलाकडून कळलं. बाजारात आता ती भाजीवाला देईल ते न बघता पिशवीत टाकायची. पूर्वी मला तेच हवं होतं, आणि आता ते बघवत नव्हतं.

तिच्या कपड्यांची खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. शिवणारीच्या डोळ्यांपासून असलं लपत नाही. तरी मी बोलले नाही. होऊ दे, म्हटलं. ह्यांच्या कॉलरी मी किती वेळा आत घेतल्या!

एक दिवस मुलगा स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "आई, ती खात नाही."

"मग मी भरवू?"

"तसं नाही. घास तोंडात घेते आणि धरून बसते. गिळतच नाही. मग जाऊन थुंकून येते. डॉक्टरकडे नेलं, घशात काही नाही म्हणतात. दूध पिते फक्त." आणि माझा हा न बोलणारा मुलगा, ओट्याला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. "बाबांचं गेलंच. आता हिचंही जाणार."

आमचं घर केवढंसं! आतल्या खोलीत शिंक आली तरी बाहेर ऐकू येते. ह्यांनी सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी सून आली, हात धुवायला वळली, तेवढ्यात हे आतून चालत बाहेर आले. भिंतीला धरून, शर्टाखाली नळीचा फुगवटा. टेबलावरचे माझे कपडे त्यांनी एका हातानं सरळ खाली ढकलले आणि आपल्या खुर्चीवर बसले. मी ओरडले, "अहो, गिऱ्हाइकाचे आहेत ते!"

"असू दे," म्हणाले. आवाज म्हणजे नुसती खरखर. "मी जेवत नाही म्हणून साऱ्या घरानं उपास धरलाय काय? साहेब, बस इथे. तूही बस रे. आणि तू वाढ."

घरात पाव होता, भाजी होती, गाजरं होती. मी ताटं आणली. मुलाचं वाढलं. सुनेचं ताट तिच्यासमोर रिकामंच ठेवलं आणि भांडं मध्ये सरकवलं. "तिला हात आहेत," म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, अशा नजरेनं कधी बघितलं नव्हतं. राग नव्हता तो. विनवणी होती. आणि ह्या माणसानं मला कधी कशाची विनवणी केलेली नाही.

"तू वाढ," म्हणाले.

मी वाढलं. थोडी भाजी, तीही ताटाच्या काठावर सांडली, आणि कच्च्या गाजराची एकच फोड.

सुनेनं ती फोड उचलली, तोंडात ठेवली आणि तशीच बसून राहिली. गाल फुगलेला, डोळे खाली. मुलानं सांगितलं होतं तसंच. तिला उठायचं होतं. ह्यांनी तिचं मनगट धरलं.

"चाव."

तिनं मान हलवली.

"दात आहेत ना तुला? घसा आहे ना? चाव. मला आवाज ऐकायचाय. माझं गेलं ते गेलं, पोरी. त्यात तुझी चूक आहे, नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्यासमोर तू अन्न थुंकायला लागलीस, तर मी बसू कुणात?"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. मग कुडुम असा आवाज आला. मग परत एक. ती चावत होती, आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ताटात पडत होतं. चावून चावून त्या गाजराचं पाणी झालं असेल, तरी गिळवेना. ह्यांनी तिच्या तोंडाकडे टक लावली होती. आणि मग तिनं डोळे गच्च मिटून गिळलं. तिचा कंठ हलला, आणि त्याच क्षणी ह्यांचाही हलला. वर गेला, खाली आला. तोंडात काही नसताना.

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. तो आहे, आणि मला वाटतं मी असेपर्यंत राहील. पण मी माझंही ताट आणलं आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"आता दुसरा घास," हे म्हणाले. तिच्या ताटातलं गाजर संपलं होतं. मी आणखी वाढलं.